ताटातलं सगळं संपतं, पण अंगी लागत नाही

पत्र:

माझं वय 43. गेल्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली. कागदावर ‘नेक्रोटायझिंग पँक्रियाटायटिस’ असं लिहिलंय. दोन महिन्यांहून जास्त काळ रुग्णालयात होते, त्यातले बरेच दिवस आयसीयूत. आधी पोटात नळ्या घातल्या, मग ऑपरेशन करून सडलेला भाग काढला. घरी येऊन पाच महिने झाले. वजन 64 किलोवरून 47 वर आलंय. तेलकट पूर्ण बंद केलंय, तरी जेवण झालं की तासाभरात पोट गुडगुडतं आणि दिवसातून चार वेळा जावं लागतं. त्याबद्दल आणखी काही सांगायची लाज वाटते. केस मुठीने गळतात, जिना चढताना पाय लटपटतात. पोटात जरा कळ आली की वाटतं, झालं, परत सुरू झालं. आयसीयूची स्वप्नं पडतात. नवरा म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता तू मनावर घे. नात्यातल्या काहींना वाटतं, मी पीत असणार. मी दारू कधी चाखलेलीही नाही. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय, दिवसभर उभं राहून शिकवायचं काम आहे. मी पूर्वीसारखी होणार का? की हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत?

उत्तर:

मनाचे खेळ नाहीत. सतरा किलो वजन मनाच्या खेळाने जात नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही लाजून सोडून दिलेलं वाक्य. तुम्ही सांगत नाही आहात, तर मीच विचारते. शौच फिकट, पिवळट, ढिगाने होते का? भांड्याला चिकटते का, दोनदा पाणी टाकूनही जात नाही असं होतं का? पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का? वास इतका की नंतर बाथरूममध्ये दुसऱ्या कुणी जायला नको, असं वाटतं का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर तुम्ही खाल्लेल्या अन्नातला बराच भाग, विशेषतः स्निग्ध पदार्थ, न पचताच बाहेर पडतोय. मी पचनाच्या आजारांतून उठलेल्या लोकांच्या आहाराचं काम करते, आणि या आजारातले बहुतेक रुग्ण ही गोष्ट सर्जनना सांगतच नाहीत. सर्जन जखम बघतात, स्कॅन बघतात, ‘जेवण कसं आहे?’ विचारतात, रुग्ण ‘ठीक आहे’ म्हणतो आणि उठतो. जेवण ठीकच असतं. त्याचं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नाही.

स्वादुपिंडाची दोन कामं असतात. एक, रक्तातली साखर सांभाळणारी इन्सुलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरकं तयार करणं. दुसरं, जठरातून लहान आतड्यात उतरलेल्या अन्नावर पाचकरस सोडणं. त्या रसात पिष्ट पचवणारं अमायलेज असतं, प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात आणि स्निग्ध पदार्थ पचवणारं लायपेज असतं. पहिल्या दोघांना शरीरात थोडेफार पर्याय आहेत, लायपेजला जवळपास नाहीत. निसर्गाने ते भरपूर जास्तीचं दिलेलं असतं, त्यामुळे नव्वद टक्के क्षमता जाईपर्यंत शौचात ठळक फरक दिसत नाही. तुमच्या बाबतीत ग्रंथीचा काही भाग मृत झाला आणि तो काढावा लागला. उरलेल्या भागातून रस आतड्यापर्यंत किती पोचतोय, हे सीटी स्कॅनवर दिसत नाही. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याचा अर्थ एवढाच, की पोटात साठलेलं पाणी किंवा पू आता नाही आणि रक्तातला संसर्ग गेलाय. अन्न पचतंय, असा त्याचा अर्थ होत नाही.

यासाठी एक साधी तपासणी आहे. शौचाच्या नमुन्यात ‘इलास्टेज’ हे स्वादुपिंडातून येणारं एन्झाइम किती आहे ते बघतात. ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर शंका घ्यायची, 100 च्या खाली आलं तर फारशी शंका उरत नाही. नमुना अगदीच पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, एवढं लक्षात ठेवा. तुमचा पूर्वइतिहास आणि वजन बघता, पुष्कळ डॉक्टर रिपोर्टची वाट न बघताही एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू करतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

आता या कॅप्सूलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गोळी बरोबर आणि घ्यायची पद्धत चुकीची, हे मी सारखं बघते. चिठ्ठीवर ‘जेवणानंतर एक’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस इमानदारीने जेवून, हात धुऊन, मग कॅप्सूल घेतो. पाहुणे जेवून गेल्यावर चूल पेटवण्यातला हा प्रकार आहे. एन्झाइम अन्नात मिसळलं तरच काम करतं. म्हणून पहिल्या घासाबरोबर घ्यायची. दोन घ्यायच्या असतील तर एक पहिल्या घासाला, दुसरी जेवणाच्या मध्यावर. जेवण रेंगाळलं, गप्पांत अर्धा-पाऊण तास गेला, तर वाटून घेणं आणखी महत्त्वाचं. ती साध्या किंवा गार पाण्याबरोबर गिळायची, कढत पेयाबरोबर नाही, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. चावायची नाही. आतले बारीक दाणे तोंडात राहिले तर तोंड येतं. गिळायला जड जात असेल तर कॅप्सूल उघडून दाणे फळाच्या आंबटसर गरात मिसळून, न चावता गिळायचे आणि वर पाणी प्यायचं. डबी उन्हात, गाडीत किंवा खिशात ठेवायची नाही.

मात्रा डॉक्टर ठरवतील. प्रौढांमध्ये साधारणपणे मुख्य जेवणाला 40,000 ते 50,000 युनिट लायपेज आणि मधल्या खाण्याला 25,000 युनिट, इथून सुरुवात होते. आकडे बघून दचकू नका. निरोगी स्वादुपिंड एका जेवणासाठी कित्येक लाख युनिट सोडतं. म्हणूनच ‘दिवसाला एकच दहा हजारांची’ अशी चिठ्ठी मिळाली आणि फरक पडला नाही, तर औषध लागू पडत नाही असं समजू नका. मात्रा अपुरी आहे का, हे आधी विचारा. मात्रा वाढवूनही उपयोग झाला नाही तर कधीकधी जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी जोडावी लागते, कारण आम्लात लायपेज टिकत नाही. दूध किंवा दुधाचं पेय हेही खाणंच धरायचं, त्याच्याबरोबर कॅप्सूल हवी. नुसतं पाणी, सरबत, एखादं साधं फळ यांना सहसा लागत नाही. आणि हो, या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. श्रद्धेमुळे ते चालत नसेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण तितक्याच खात्रीचा दुसरा पर्याय आज नाही, हेही लक्षात घ्या.

तुम्ही तेलकट पूर्ण बंद केलंत, हे ऐकून तुमच्या घरचे खूश असतील. मी नाही. दुखणं अगदी ताजं असताना, कॅप्सूल सुरू नसताना, थोडे दिवस हलकं खाणं ठीक असतं. पण वजनाचा चौथा हिस्सा गेलेल्या माणसाने पाच-पाच महिने बिनतेलाचं खाणं म्हणजे उपासमारच. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, पिष्टाच्या किंवा प्रथिनाच्या एका ग्रॅममध्ये 4. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांबरोबरच शरीरात शिरतात. ती कमी पडली की हाडं ठिसूळ होतात, जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही, अंधारात नीट दिसत नाही. म्हणून कॅप्सूल सुरू झाली की तेल, लोणी, साय, दाणे हळूहळू परत आणायचे, एका वेळी ढीगभर नाही, पण प्रत्येक खाण्यात थोडं. दिवसातून तीन मोठी जेवणं करण्यापेक्षा पाच-सहा वेळा लहान खाणं तुम्हाला झेपेल. प्रत्येक वेळी ताटात प्रथिनं हवीत: दूध, डाळी, अंडी, मासे, जे तुमच्या घरी चालतं ते. पोट लवकर भरत असेल तर ताटातला प्रथिनांचा भाग आधी संपवा, पाणी नंतर. चोथा मात्र सध्या बेताचा ठेवा. फार चोथ्याने पोट फुगतं, आणि या कॅप्सूलचा परिणामही कमी होऊ शकतो. एखादा पदार्थ सोसला नाही तर तो कायमचा टाकू नका, कॅप्सूलची वेळ आणि मात्रा तपासून दोन आठवड्यांनी पुन्हा खाऊन बघा. ड जीवनसत्त्व, बी-12, लोह आणि मॅग्नेशियम रक्तात तपासून घ्या. हाडांची घनताही एकदा बघितलेली बरी.

साखरेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. स्वादुपिंडाच्या अशा मोठ्या आजारानंतर मधुमेह होणारे पुष्कळ असतात, काहींना तो वर्षा-दोन वर्षांनी होतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) बघायचं. रुग्णालयात रक्त चढवलं असेल तर एचबीएवनसी काही काळ फसवं येऊ शकतं, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगा. हा मधुमेह नेहमीच्या दुसऱ्या प्रकारात मोडत नाही, याला टाइप 3सी म्हणतात. इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकागॉनही कमी पडतं, त्यामुळे औषध घेणाऱ्याची साखर चटकन खूप खाली जाऊ शकते. अजून एक: कॅप्सूल नीट लागू पडली की साखर थोडी वाढू शकते, कारण आता कुठे अन्न अंगात शिरायला लागलेलं असतं. ‘गोळीने साखर वाढली’ म्हणून ती बंद करू नका, साखरेचं औषध जुळवून घ्या.

यानंतर एक काम आजच करा. डिस्चार्जचा कागद काढा आणि पित्ताशय काढलंय का, ते बघा. तुमच्या पत्रावरून मला ते कळलं नाही, आणि अशा पत्रांत मला ते बहुतेक वेळा कळत नाही! खड्यांमुळे झालेल्या सौम्य सुजेत पित्ताशय त्याच मुक्कामात काढतात. पण तुमच्यासारख्या गंभीर प्रकारात सूज ओसरेपर्यंत, पोटात साठलेलं विरेपर्यंत थांबावं लागतं, आणि मग नळ्या, ड्रेसिंग, आयसीयू या धांदलीत ते राहून जातं. पित्ताशय आणि खडे जागेवर असतील तर पुन्हा झटका येण्याचा धोकाही जागेवरच आहे. तसंच आत स्टेंट, म्हणजे मार्ग उघडा ठेवणारी छोटी नळी, ठेवलाय का, असेल तर कधी काढायचा आणि कोण काढणार, हे लिहून घ्या. काही स्टेंट थोड्याच आठवड्यांत काढायचे असतात, काही मुद्दाम दीर्घकाळ ठेवतात. तुमचा कोणता, हे तुम्हाला माहीत हवं.

पायांचं सांगते. आयसीयूत माणूस झपाट्याने आटतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजलं होतं, पहिल्या 10 दिवसांतच ते सुमारे 18 टक्के कमी झालेलं आढळलं. तुम्ही तिथे किती दिवस होतात ते आठवा, म्हणजे जिना का चढवत नाही ते कळेल. रोज खुर्चीत बसून, हात न टेकता उठायचं. पाच वेळा जमलं तर पुढच्या आठवड्यात सात. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. चालणं रोजचं, पण दमून दोन दिवस आडवं पडावं लागेल इतकं नाही. पोटावर मोठा छेद असेल तर जड उचलू नका. व्रणाजवळ खोकताना फुगवटा दिसला तर हर्निया असू शकतो, तो दाखवून घ्या. फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. पण पोटात अन्न पचत नसताना केलेला व्यायाम शरीर आणखी आटवतो, म्हणून कॅप्सूल आणि प्रथिनं आधी.

केसांचं फार मनावर घेऊ नका. मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात आणि काही महिन्यांनी आपसूक थांबतात. पोषण सुधारलं, लोह भरून निघालं की नवे केस येतात. महागडी तेलं घेऊ नका.

कळ आली की ‘परत सुरू झालं’ असं वाटणं, हे तुमच्या जागी कुणालाही वाटेल. पण फरक ओळखता येतो. स्वादुपिंडाच्या सुजेची वेदना पोटाच्या वरच्या भागात असते, एकसारखी असते, तासन्‌तास राहते, पाठीत शिरते आणि बहुधा तिच्याबरोबर उलट्या असतात. वायू सरल्यावर किंवा शौचाला जाऊन आल्यावर मोकळी होणारी, इकडून तिकडे फिरणारी कळ सहसा आतड्यांची असते, आणि अन्न न पचता खाली उतरतं तेव्हा ती येणारच. निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी बघतात: अशी वेदना, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या कमाल पातळीच्या निदान तिप्पट, आणि स्कॅनवर दिसणारी सूज. यातल्या दोन जुळल्या तर निदान होतं. त्यामुळे मनाच्या समाधानासाठी दर आठवड्याला अमायलेज तपासणारे जे लोक असतात, त्यांच्यात तुम्ही जाऊ नका. आकडा थोडा वर गेला तर विनाकारण जीव टांगणीला लागतो आणि हाती काही लागत नाही.

थंडी वाजून ताप, पाणीही न ठरणाऱ्या उलट्या, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, काळी डांबरासारखी शौच किंवा उलटीतून रक्त, वाढत जाणारी पाठीत घुसणारी वेदना, एका पायाला आलेली सूज: यातलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

स्वप्नांचं. आयसीयूतून आलेल्या लोकांमध्ये अशक्तपणा, विसरभोळेपणा, भीती, भयानक स्वप्नं यांचा एकत्र समूह दिसतो, आणि 2010 नंतर वैद्यकात त्याला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असं नावही आहे. तिथे दिसलेल्या काही गोष्टी खऱ्या होत्या, काही तापाच्या आणि झोपेच्या औषधांच्या ग्लानीतल्या. कुठली कुठली, हे तुमच्या बरोबर असलेल्या माणसांना विचारून बघा. ‘पंचविसाव्या दिवशी तू असं म्हणत होतीस, तेव्हा तुला इतका ताप होता’ असं कुणी शांतपणे सांगितलं, की डोक्यातल्या तुटक चित्रांना जागा मिळते. तरीही स्वप्नं थांबत नसतील, झोपेचीच भीती वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. मनाचे खेळ म्हणून नाही. डोक्यालाही उपचार लागतात, पोटाला लागले तसेच.

तुमच्या यजमानांवर मी रागावलेले नाही. दोन महिने रुग्णालयाच्या बाकावर बसलेला माणूस ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे दोन शब्द घट्ट धरून ठेवतो, कारण त्याला तेच हवे असतात. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, आणि शौचाचं वर्णन तुम्हाला जमत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. घरी एक बदल मात्र सगळ्यांनी करावा. तुम्ही जेवत असताना ताटाकडे कुणी बघायचं नाही. ‘एवढंच?’ नको आणि ‘हे चालतं का तुला?’ही नको. प्रत्येक घासावर पहारा असला की भूक मरते.

दारूचं. या आजाराची दोन सगळ्यात मोठी कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. लोकांना त्यातलं दुसरंच ठाऊक असतं. तुम्ही प्रत्येकाला खुलासा देत बसायची गरज नाही. आणि समजा एखाद्याला तो दारूने झाला असता, तरी तो काही टोमणे खाण्याच्या लायकीचा ठरत नाही. तुमच्यासाठी नियम मात्र सगळ्यांना असतो तोच: दारू अजिबात नाही, तंबाखू कुठल्याही रूपात नाही. तंबाखूही स्वादुपिंडाला थेट अपाय करते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पूर्वीसारखी होणार का, असं विचारलंत. तुमच्या आजाराच्या या प्रकारात वर्षभर लागणं अगदी सर्वसाधारण आहे, काहींना त्याहून जास्त. ताकद, केस, झोप, वजनातलं बरंचसं परत येतं. कॅप्सूल काहींच्या काही महिन्यांनी सुटतात, काहींना कायम लागतात, ते तपासणी करून ठरेल. पुढच्या महिन्यात पूर्णवेळ उभं राहून शिकवणं मला जमण्यासारखं दिसत नाही. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची चिठ्ठी घ्या: सुरुवातीला अर्धा दिवस, वर्गात बसायला खुर्ची, मध्ये खाण्यासाठी सुट्टी. रजा शिल्लक असेल तर आधी कॅप्सूल सुरू करून चार-सहा आठवडे वजन बघा. आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर. दोन किलो वाढले आणि दिवसातून चारदा जाणं दोनदावर आलं, तर रुजू होण्याची तारीख ठरवायला हरकत नाही. कामाच्या जागी कॅप्सूलची एक जादा डबी सावलीत ठेवा, नाहीतर घरी विसरली त्या दिवशी तुम्ही डबाच खाणार नाही.